लांबच्या फ्लाइटमधे सिनेमे बघत बघत गुंतवणूक कशी शिकायची

दहा-बारा तासांची फ्लाइट ही गुंतवणूक शिकायला इतकी भारी जागा आहे की मला मनापासून वाटतं प्रत्येकाने तिचा वापर करून घ्यावा. म्हणजे बघा ना, सीट सोडून कुठे जाता येत नाही, समोर छोटा स्क्रीन, त्यात ढीगभर सिनेमे, वेळ ठरलेला, आणि तुम्ही काय बघताय याचं कुणाला काही पडलेलं नसतं. अशा वेळी माणूस सिनेमा कसा निवडतो, कधी कंटाळतो, कधी दचकतो, शेजाऱ्याच्या स्क्रीनमधे किती डोकावतो हे नीट बघितलं की तो पैसे कसे गुंतवत असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गुंतवणुकीत मार्केटपेक्षा जास्त नुकसान आपली बोटं करतात, नको तेव्हा घेतात नको तेव्हा विकतात, आणि विमानात ती बोटं तासन् तास आपल्याच डोळ्यांसमोर त्या स्क्रीनवर नाचत असतात. फुकटात सराव करायला मिळतोय तर करून घ्यायचा.

खाली जे सांगतोय ते पुढच्या फ्लाइटमधे खरंच करून बघा. वही नको, फोनमधलं नोट्सचं ॲप पुरे, एअरप्लेन मोडमधे पण चालतं.

आधी घड्याळ, मग सिनेमा

लँडिंगला पाऊण तास उरलाय आणि पठ्ठ्या अडीच तासांचा सिनेमा लावतो, मग खुनी कोण हे कळायच्या आत स्क्रीन बंद, खिडकीचं शटर वर करा, सीट सरळ करा. असे लोक प्रत्येक फ्लाइटमधे असतात आणि उतरताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. म्हणून पहिली सवय ही की सिनेमाचं नाव बघायच्या आधी किती वेळ उरलाय ते बघायचं आणि त्यात मावेल तेच लावायचं.

पैशाचं तंतोतंत हेच. जे पैसे दोन-तीन वर्षांत लागणार आहेत, फी भरायला, घराच्या डाऊन पेमेंटला, ते शेअरमधे टाकायचेच नाहीत, फंड कितीही भारी असो. कारण मार्केटचा सिनेमा किती लांबेल हे आपल्या हातात नसतं. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० चं, म्हणजे तिथल्या साधारण पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे भाव एकत्र मोजणाऱ्या आकड्याचं, उदाहरण घ्या, मार्च २००० मधे त्याने जी उंची गाठली ती परत दिसली २००७ मधे, लगेच २००८ ची घसरण आली आणि सगळं पुन्हा खाली, आणि ती उंची कायमची मागे टाकायला २०१३ उजाडलं (डिव्हिडंड, म्हणजे कंपन्या शेअरवाल्यांना वाटतात तो नफा, धरले तर चित्र थोडं बरं दिसतं, पण थोडंच). तेरा वर्षं! ज्याच्याकडे वीस वर्षं होती आणि जो दर महिन्याला थोडे थोडे टाकत राहिला त्याला मधे स्वस्तात घ्यायला मिळालं, आणि ज्याला २००२ मधे पैसे हवे होते त्याचा सिनेमा मधेच तुटला. तर नोट्समधे पहिली ओळ: हे पैसे मला कधी लागणार. वर्ष लिहा, "नंतर कधीतरी" लिहू नका.

निवडायला दहा मिनिटं, बास

काही लोक टेकऑफपासून स्क्रोल करत असतात. ॲक्शन बघितलं, कॉमेडी बघितलं, मग पुरस्कार मिळालेले, मग क्लासिक, मग परत ॲक्शन, प्रत्येक पोस्टरवर थांबायचं, दोन ओळींची गोष्ट वाचायची, नको म्हणायचं. दीड तास गेला तरी सिनेमा सुरू नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमवाला प्रयोग याच्याबद्दलच आहे: टेबलावर २४ प्रकारचे जॅम ठेवले तेव्हा बघायला गर्दी जास्त झाली पण बघणाऱ्यांपैकी घेतलं जेमतेम ३ टक्के लोकांनी, आणि ६ च प्रकार ठेवले तेव्हा घेतलं ३० टक्के लोकांनी. नंतर असे प्रयोग ज्यांनी केले त्या सगळ्यांना एवढा फरक दिसला नाही हे पण सांगायला हवं, पण फंडांची यादी बघून गोठून गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. तुलना करता करता वर्षं निघून जातात आणि पैसे बचत खात्यात झोपलेले.

सराव असा करा. तीनच सिनेमे निवडा, दहा मिनिटांचा टायमर लावा, आणि टायमर वाजला की त्या तिघांतला एक लावा. सगळ्यात चांगला शोधायचाच नाही, चालण्यासारखा शोधायचा. पैशाच्या बाबतीत चालण्यासारखा पर्याय म्हणजे मोठ्या मार्केटचा, कमी खर्चाचा साधा इंडेक्स फंड, म्हणजे एस अँड पी ५०० सारख्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेऊन ठेवणारा फंड. या प्रकाराची सुरुवात पण ऐकण्यासारखी आहे, सामान्य माणसासाठीचा पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी १९७६ मधे व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीत काढला तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील असं वाटलं होतं आणि जमले सव्वा कोटीपेक्षा पण कमी, लोकांनी त्याला बोगलचा वेडेपणा म्हणून नाव ठेवलं. पहिल्या आठवड्यात सपशेल आपटलेला सिनेमा म्हणा. आज इंडेक्स फंडांमधे जगभरातले हजारो अब्ज डॉलर आहेत. तेव्हा पोस्टर फिकं दिसतंय म्हणून सिनेमा टाकून देऊ नका.

बंद करायचा की बघत बसायचं

इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सिनेमा सुरू होऊन पाऊण तास झाला, काही कळत नाहीये, हिरो तिसऱ्यांदा पावसात उभा आहे. आता लोकांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो की एवढा बघितलाच आहे तर संपवू. दुसरा गट पाऊण तास थांबलेलाच नसतो, त्याने आत्तापर्यंत सहा सिनेमे लावून बघितलेत प्रत्येकाची पंधरा मिनिटं आणि सातव्याचं पोस्टर उघडून बसलाय. दोघांचंही नुकसान होतं, फक्त रस्ते वेगळे.

पहिल्या गटासाठी विमानांच्याच इतिहासात मोठं उदाहरण आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मधे करार करून काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान बनवायला घेतलं, खर्च वाढत गेला, धंदा म्हणून यातून पैसे वसूल होणार नाहीत हे दिसायला लागलं, पण एवढे घातलेत आता कसं थांबायचं म्हणून आणखी घालत गेले. १९७६ मधे प्रवासी सेवा सुरू झाली, एअरलाइनच्या ताफ्यात आली फक्त १४ विमानं, आणि २००३ मधे सेवा बंद. विमान म्हणून अप्रतिम होतं, त्याबद्दल वादच नाही, मला तर त्याचे फोटो बघायला अजून आवडतात. पण गेलेल्या पैशासाठी नवीन पैसे घालायचे या सवयीला लोक आजही काँकॉर्डचंच उदाहरण देतात.

यावर विचारायचा प्रश्न एकच: मी आत्ता सीटवर येऊन बसलो असतो तर हा सिनेमा इथून पुढे बघायला घेतला असता का? शेअरसाठी हाच प्रश्न असा की आज हातात याच्या किमतीएवढी कॅश असती तर मी आज हाच शेअर घेतला असता का. नाही असं उत्तर आलं तर विकत घेतलेली किंमत परत यायची वाट बघण्यात अर्थ नाही, ती किंमत फक्त तुम्हाला आठवते, मार्केटला नाही.

आता दुसरा गट, सारखा चॅनल बदलणारा. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या संशोधकांनी एका मोठ्या अमेरिकन ब्रोकरच्या ६६,४६५ कुटुंबांच्या खात्यांचा १९९१ ते १९९६ पर्यंतचा हिशोब तपासला आणि २००० मधे छापला. सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला सरासरी ११.४ टक्के मिळाले आणि त्याच काळात मार्केटने दिले १७.९ टक्के. म्हणजे अभ्यास करून, धावपळ करून, बटणं दाबून दाबून वर्षाला साडेसहा टक्के घालवले.

मग थांबायचं कधी आणि बदलायचं कधी? माझ्या मते याला एकच प्रामाणिक उपाय आहे. सिनेमा लावायच्या आधी एक ओळ लिहा की हा का लावतोय. "हसायचंय." किंवा "नवीन देश बघायचाय." अर्ध्या तासाने तीच ओळ वाचा, बाकी काही बघू नका. हसायचं म्हणून लावला आणि अर्ध्या तासात एकदाही ओठ हलला नाही तर बंद करा, खुशाल. पण देश बघायचा म्हणून लावला, देश दिसतोय, फक्त गोष्ट हळू चाललीये, तर बसून राहा. गुंतवणुकीची ओळ पण अशीच घेण्याआधी लिहायची: "कंपनीवर कर्ज कमी आहे आणि विक्री वाढतेय म्हणून घेतला." पुढे कर्ज वाढलं, विक्री आटली, तर कारण मोडलं, निघा. कारण जसंच्या तसं आहे, फक्त भाव वर्षभर हललेला नाही, तर तो कंटाळा आहे आणि कंटाळा हे विकायचं कारण नाही.

शेवटचा अर्धा तास चुकवू नका

कंटाळ्याबद्दल हिशोब करूनच दाखवतो. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते येतं, म्हणजे ८ टक्क्याला ९ वर्षं. तर १०० चे ९ वर्षांत २००, १८ वर्षांत ४००, २७ वर्षांत ८०० आणि ३६ वर्षांत १६००. आता बघा, पहिल्या सत्तावीस वर्षांत मिळून जेवढे जमले तेवढेच शेवटच्या नऊ वर्षांत आले. सुरुवातीची नऊ वर्षं बसून फक्त १०० मिळाले म्हणून माणूस वैतागतो आणि उठून जातो, आणि सगळी मजा तर क्लायमॅक्सला होती.

शेजाऱ्याचा स्क्रीन

हा प्रकार मला फार आवडतो. आपला सिनेमा चांगला चालू असतो आणि शेजारच्या स्क्रीनवर काहीतरी फुटतं, गाड्या उडतात, लगेच मान तिकडे. आवाज नाही, गोष्ट माहीत नाही, तरी वाटतं आपण चुकीचा लावला. आणि तो शेजारी? तो गेला तासभर झोपलाय, मधला पूर्ण रटाळ भाग त्याने पण बघितलेला नाही.

लोकांचे शेअर आपल्याला असेच दिसतात, आवाज बंद करून. अमुकने तीनपट केले हे कळतं, त्याने किती टाकले होते, त्याच्या बाकीच्या चार शेअरचं काय झालं, कर्ज काढून घेतले होते का, हे कळत नाही. कुणी असं सांगितलं की चार प्रश्न विचारायचे: कधी घेतला, एकूण पैशातला किती हिस्सा, बाकीच्यांचं काय, विकून पैसे हातात आले का अजून ॲपवरच आहेत. चारही उत्तरं मिळाली तर ऐका, नाहीतर छान झालं म्हणा आणि आपला सिनेमा बघा.

कापलेले सीन

विमानात दाखवायच्या सिनेमांच्या बऱ्याचदा वेगळ्या कॉप्या असतात, आणि त्यात विमान कोसळण्याचे सीन कापायची जुनी पद्धत आहे. साहजिक आहे, हवेत बसलेल्या माणसाला कोण दाखवेल. पण फंडाची जाहिरात बघताना हे डोक्यात ठेवा, तिथे पण क्रॅश कापलेला असू शकतो. आलेख नेमका घसरणीच्या तळापासून सुरू होतो आणि वर वर वर जातो, बघणाऱ्याला वाटतं हा कधी पडतच नाही. आलेख दिसला की आधी डावीकडची तारीख बघायची. २००९ च्या मार्चपासून सुरू होत असेल तर २००८ कुठे गेलं ते शोधायचं.

याहून लपलेली कापाकापी म्हणजे जे फंड बुडाले किंवा दुसऱ्यात विलीन झाले ते यादीतून गायबच होतात आणि उरलेल्यांची सरासरी झकास दिसते. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाने हीच गोष्ट विमानांच्या बाबतीत पकडली होती. परत आलेल्या बॉम्बर विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजून तिथे जाड पत्रा लावायचा असा विचार होता, वॉल्डच्या कामातून उलटं दिसलं, तिथे मार खाऊनही ही विमानं परत आली, खरा धोका जिथे भोकं दिसत नाहीत तिथे आहे, कारण तिथे लागलेली विमानं परतच आलेली नाहीत. फंडांची यादी बघताना विचारा, दहा वर्षांपूर्वी या यादीत अजून कोण होतं?

नकाशा सारखा उघडू नका

सिनेमा थांबवून दर पाच मिनिटांनी नकाशा उघडणारे लोक आहेत. छोटं विमान अजून त्याच समुद्रावर. परत उघडलं, अजून समुद्र. फ्लाइट त्याने एक मिनिट पण लवकर पोचत नाही, फक्त लांब वाटते.

पोर्टफोलिओचं, म्हणजे आपली सगळी गुंतवणूक दाखवणारं, ॲप उघडलं की याहून वाईट होतं. एस अँड पी ५०० च्या इतिहासात वाढीचे दिवस निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त आहेत, पण वर्षाच्या हिशोबात साधारण चारातली तीन वर्षं वाढीची. म्हणजे मार्केट तेच, रोज बघणाऱ्याला जवळपास एक दिवसाआड लाल दिसणार आणि वर्षातून एकदा बघणाऱ्याला चार वर्षांत एकदा. त्यात काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून दिसलेलं हे की नुकसान जेवढं बोचतं ते तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट. आता रोज दुप्पट बोचून घ्यायचं कशाला? थेलर, ट्वर्स्की, काहनमन आणि श्वार्ट्झ यांचा १९९७ मधे छापलेला एक प्रयोग आहे, त्यात ज्यांना निकाल वारंवार दाखवले त्यांनी घाबरून शेअरमधे कमी पैसे ठेवले आणि शेवटी कमाई पण त्यांचीच कमी झाली. सराव सोपा आहे, एका पूर्ण सिनेमात नकाशा एकदाही उघडायचा नाही. जमलं की उतरल्यावर फोनच्या पहिल्या स्क्रीनवरून ते ॲप हलवा आणि वर्षातल्या दोन तारखा कॅलेंडरमधे टाका.

क्लायमॅक्सला अनाउन्समेंट

नेमकं रहस्य उलगडणार तेवढ्यात सिनेमा थांबतो आणि दोन-तीन भाषांत सांगतात की पुढे हवा थोडी खराब आहे, बेल्ट लावा. मग हादरे. कुणी आर्मरेस्ट धरतं, कुणी शेजाऱ्याचा हात. आणि दार उघडून उतरावं असं कितीही वाटलं तरी उतरता येत नाही, ही त्या जागेची सगळ्यात मोठी कृपा आहे. मार्केटमधे मात्र दार कायम उघडं असतं, एका बटणावर.

सोमवार, १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स हा अमेरिकन शेअर मार्केटचा निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. एका दिवसात! आणि ते वर्ष संपताना तोच डाऊ वर्षाच्या सुरुवातीपेक्षा दोन टक्क्यांनी वरच होता. जो माणूस १ जानेवारीला झोपला आणि ३१ डिसेंबरला उठला त्याला वाटलं असेल की काय हे कंटाळवाणं वर्ष. सिनेमाच्या मधे झोप लागली म्हणून हळहळणाऱ्यांना मी हेच सांगतो, झोपा, काही बिघडत नाही. पण झोप लागायला बेल्ट आधी बांधलेला हवा, म्हणजे पाच-सहा महिन्यांचा खर्च वेगळा, सुरक्षित जागी, कधीही काढता येईल असा. तो नसला की हादरे बसताना विकावंच लागतं, धीर कितीही असो. आणि मोठी बातमी आली की तीन दिवस काहीही करायचं नाही हा नियम आत्ताच, हवा स्वच्छ असताना लिहून ठेवा.

हिरोची नक्कल नको

शेअर मार्केटवरच्या सिनेमात हिरो शेवटच्या रीळमधे सगळं एका डावावर लावतो आणि जिंकतो. जिंकणारच, हरणाऱ्यावर सिनेमा काढायला कोण पैसे देतं. एका कंपनीचं सोडा, एका अख्ख्या देशावर सगळं लावलं तरी काय होतं बघा: जपानच्या शेअर मार्केटचा निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मधे ३८,९०० च्या वर गेला आणि ती पातळी परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ यावं लागलं, ३४ वर्षं. म्हणून कंपन्या अनेक, शक्य असेल तर देश पण अनेक, आणि थोडे पैसे शेअरच्या बाहेर.

खर्चाबद्दल पटकन सांगतो. वर्षाला ७ टक्के वाढणारे १०० घ्या, फंडाने दरवर्षी १ टक्का खर्च कापला तर ३० वर्षांनी साधारण ५७४ होतात, ०.२ टक्केच कापला तर ७२०. सिनेमा एकच, हेडफोनचं भाडं वेगळं. बघून घ्या.

उतरताना

लँडिंगच्या आधी नोट्स उघडा, त्यात आता हे असेल: पैसे कोणत्या वर्षी लागणार, का घेतोय ती ओळ, बातमी आली तर तीन दिवस थांबायचं, बघायच्या दोन तारखा. एअरप्लेन मोड काढल्या काढल्या बॅगेच्या पट्ट्यापाशी उभं राहून लगेच काही घेऊ-विकू नका, अंगात जेटलॅग असतो आणि डोक्यात शेवटचा सिनेमा. दोन रात्री नीट झोपा, मग बसून दर महिन्याची रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी लावून टाका, आणि नोट्समधलं ते पान घरातल्या एका माणसाला वाचायला द्या, म्हणजे पुढचे हादरे आले की ते तुम्हाला तुमचीच ओळ वाचून दाखवतील.